शेती व्यवस्थापन आणि नेतृत्व : प्रा. पीटर ड्रकर यांच्या कार्यापासून घ्यावयाचा बोध



चांगले बियाणे, संतुलित खते आणि वेळेवर पीक संरक्षण या तिन्ही गोष्टी करूनही दोन शेजाऱ्यांच्या उत्पन्नात मोठा फरक पडलेला आपण पाहतो. जमीन तीच, पाणी तेच, वाणही तोच असतो. फरक असतो तो निर्णय घेण्याच्या पद्धतीत. यालाच व्यवस्थापन म्हणतात. शेतकरी उत्पादक कंपनी, पाणी वापर संस्था, दूध संस्था किंवा बचत गट चालवताना तर व्यवस्थापनाशिवाय गत्यंतर नाही. या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणाऱ्यांत प्रा. पीटर ड्रकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी शेती केली नाही. तरीही त्यांच्या लेखनात शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

जीवनपरिचय

ड्रकर यांचा जन्म 19 नोव्हेंबर 1909 रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे झाला. जर्मनीत फ्रँकफर्ट येथे वृत्तपत्रात काम करीत त्यांनी 1931 मध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवली. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांनी जर्मनी सोडली आणि लंडन गाठले. 1937 मध्ये ते अमेरिकेत गेले. बेनिंग्टन महाविद्यालयात 1942 ते 1949, न्यूयॉर्क विद्यापीठात 1950 ते 1971 आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथे त्यांनी अध्यापन केले. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही ते वर्गात शिकवीत होते. 2002 मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. 11 नोव्हेंबर 2005 रोजी त्यांचे निधन झाले.

1943 च्या अखेरीस जनरल मोटर्स या मोटार कंपनीने त्यांना आपल्या कारभाराचा अभ्यास करण्यासाठी बोलावले. सुमारे दीड वर्ष कारखाने आणि बैठका पाहून त्यांनी लिहिलेले पुस्तक 1946 मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनीच्या वरिष्ठांना ते रुचले नाही. परंतु व्यवस्थापन हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे या पुस्तकाने दाखवून दिले. ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ (1954) आणि ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ (1967) ही त्यांची पुढील महत्त्वाची पुस्तके होत. दर तीन-चार वर्षांनी एखादा नवा विषय हाती घेऊन त्याचा अभ्यास करावयाचा, हा क्रम त्यांनी आयुष्यभर पाळला. जपानी चित्रकलेसारखा विषयही त्यांनी असाच आत्मसात केला होता.

ग्राहक म्हणून शेतकरी

1954 च्या पुस्तकात व्यवसाय म्हणजे काय हे समजावताना ड्रकर यांनी सीअर्स रोबक या कंपनीचे उदाहरण सविस्तर दिले आहे. टपालाने माल विकणाऱ्या या कंपनीचा मुख्य ग्राहक होता खेड्यापाड्यांत विखुरलेला अमेरिकन शेतकरी. त्या काळी लांबून आलेल्या मालात फसवणूक होई आणि ती शेतकऱ्याने मुकाट्याने सोसावी अशी रीत होती. सीअर्सने ही रीत उलटी केली. माल पसंत नसेल तर परत करा, पैसे परत मिळतील, असे वचन कंपनीने दिले आणि ते पाळले. सावध राहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरून विकणाऱ्यावर आली आणि त्यातूनच विश्वास व बाजारपेठ दोन्ही तयार झाली. व्यवसायाचे पहिले काम ग्राहक निर्माण करणे हे आहे, नफा हा त्यानंतर येतो, हा ड्रकर यांचा मुख्य सिद्धांत याच उदाहरणातून स्पष्ट होतो.

शेतकऱ्याची मिळकत वाढली तरच आपला धंदा वाढेल, हे कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी ओळखले. 1912 मध्ये त्यांनी शंभर काउंट्यांना कृषी सल्लागार नेमण्यासाठी प्रत्येकी एक हजार डॉलर देऊ केले. कृषी सल्लागाराच्या कल्पनेचे श्रेय ड्रकर त्यांनाच देतात. मात्र टेक्सासमधील स्मिथ काउंटीत असा सल्लागार 1906 मध्येच काम करीत होता, हे लक्षात ठेवावे. 1914 च्या कायद्याने अमेरिकेत विस्तार कार्याला कायमचा पाया मिळाला. आपल्या कृषी विद्यापीठांची शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्रिसूत्रीही अमेरिकन विद्यापीठांच्या धर्तीवरच बेतलेली आहे.

यातून आपण काय घ्यावे? पेटीत वर मोठी फळे आणि तळाला बारीक फळे भरली, तर एका खेपेपुरते चार पैसे जास्त मिळतात. पण पुढच्या खेपेस व्यापारी प्रत्येक पेटी उलटून पाहतो आणि भाव पाडतो. प्रतवारी प्रामाणिक ठेवल्यास गावाच्या नावावर माल विकला जातो.

यंत्र आणि हप्ता

1985 च्या एका पुस्तकात ड्रकर यांनी सायरस मॅककॉर्मिक यांचे उदाहरण दिले आहे. मॅककॉर्मिक यांनी 1831 मध्ये कापणी यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले आणि 1834 मध्ये पेटंट घेतले. शेतकऱ्याला यंत्र हवे होते, पण गाठीला पैसा नव्हता. तेव्हा हप्त्याने विक्री सुरू झाली. मागच्या बचतीतून न देता, यंत्रामुळे वाढणाऱ्या पुढील उत्पन्नातून शेतकऱ्याने पैसे फेडावेत, ही यामागची कल्पना.

येथे एक कसोटी मिळते. कर्ज काढून घेतलेली वस्तू स्वतःचा हप्ता स्वतः फेडणार का? ट्रॅक्टर घेताना वर्षात किती तास घरचे काम व किती तास भाड्याचे काम मिळेल, त्यातून डिझेल, दुरुस्ती व चालक यांचा खर्च वजा जाता काय उरेल, हे आधी कागदावर मांडावे. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतलेला ट्रॅक्टर पुष्कळदा जमिनीवर बोजा चढवून जातो.

परिणामकारक कामाच्या पाच सवयी

नेतृत्व हे वक्तृत्वावर किंवा व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर अवलंबून नसते, असे ड्रकर आग्रहाने मांडत. हिटलरचा उदय त्यांनी जवळून पाहिला होता. जो जबाबदारी घेतो आणि ज्याच्या कामाचा परिणाम दिसतो तो नेता, ही त्यांची धारणा होती. त्यासाठी 1967 च्या पुस्तकात त्यांनी पाच सवयी सांगितल्या आहेत.

1. वेळेची नोंद : तीन-चार आठवडे रोजचा वेळ कोठे जातो ते लिहावे. तालुक्याच्या फेऱ्यांत किती दिवस गेले हे पाहून आश्चर्य वाटेल.
2. योगदानाचा विचार : संस्थेने मला काय दिले, यापेक्षा माझ्यामुळे संस्थेचे कोणते काम पुढे सरकले, हे विचारावे.
3. गुणांचा उपयोग : ज्याचा हात छाटणीत चांगला त्याला छाटणी द्यावी, जी हिशोबात पक्की तिच्याकडे वही द्यावी. दोष शोधत बसू नये.
4. महत्त्वाचे काम आधी : एका वेळी एकच मोठे काम हाती घ्यावे आणि तडीस न्यावे.
5. विचारपूर्वक निर्णय : निर्णयापूर्वी विरुद्ध मत मुद्दाम ऐकावे.

पाचव्या सवयीकडे विशेष लक्ष द्यावे. जनरल मोटर्सचे प्रमुख अल्फ्रेड स्लोन यांच्याविषयी ड्रकर सांगतात की, बैठकीत सर्वांचे एकमत झाले तर स्लोन विषय पुढे ढकलीत. मतभेद व्हायला वेळ मिळावा आणि प्रश्न नीट समजावा, हा त्यामागील हेतू. आपल्या वार्षिक सभेत मात्र अहवाल वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो. प्रश्न विचारणारा सभासद विरोधक ठरतो. शीतगृहाचा खर्च किंवा कर्जाची हमी अशा विषयांवर सभा गप्प राहिली, तर चूक उघडी पडेपर्यंत सभासदांचे भागभांडवल बुडालेले असते.

सोडून देण्याचे धैर्य

हे काम आज करीत नसतो, तर ते नव्याने सुरू केले असते का? हा प्रश्न दर काही वर्षांनी विचारावा आणि उत्तर नकारार्थी असल्यास ते काम सोडावे, असे ड्रकर सुचवतात. विहिरीचे पाणी मार्चमध्येच तळ गाठत असेल, तर उसाबाबत हा प्रश्न टाळता येणार नाही.

त्यांच्या विचारांना मर्यादाही आहेत. त्यांचे लेखन मुख्यतः मोठ्या कंपन्यांसाठी होते. पाऊस आणि पडलेला बाजारभाव यांवर व्यवस्थापनाचा ताबा चालत नाही. त्यांनी अभ्यासलेली जनरल मोटर्स 2009 मध्ये आणि सीअर्स 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. एके काळी यशस्वी ठरलेली पद्धत कायम यश देईलच असे नाही, हाच त्याचा अर्थ.

या हंगामात काय करावे?

1. प्रत्येक मोठा निर्णय घेताना अपेक्षित खर्च, उत्पादन आणि भाव तारखेसह वहीत लिहावा.
2. नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष आकडे शेजारी लिहून तुलना करावी. स्वतःचे अंदाज कोठे बरोबर येतात हे ओळखण्यासाठी ड्रकर स्वतः हीच पद्धत वापरीत.
3. अंदाज वारंवार चुकत असलेल्या बाबीत जाणकाराचा सल्ला घ्यावा.
4. संस्थेच्या सभेत खर्चाच्या प्रत्येक ठरावावर किमान एका सभासदाने उलट बाजू मांडावी आणि ती इतिवृत्तात नोंदवावी.
5. वही घरातील सर्वांना, विशेषतः शेतात राबणाऱ्या महिलांना दाखवावी व त्यांचे मत घ्यावे.

यासाठी दहा-वीस रुपयांची वही आणि रात्रीची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. पेरणीपूर्वी पहिले पान लिहून ठेवावे.