वेतनविषयक वाटाघाटीची भाषा

अर्जामुळे मुलाखतीची संधी मिळते. वेतन मात्र प्रत्यक्ष बोलण्यातून ठरते. या भागात आपण त्या बोलण्यातील भाषेचा विचार करणार आहोत.

विनंती, मागणी आणि अपेक्षा हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी येत असले, तरी त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. विनंती समोरच्याच्या मर्जीवर सोडलेली असते. मागणीमागे हक्काचा आग्रह असतो. अपेक्षेला मात्र कारणाचा आधार द्यावा लागतो. नोकरी बदलताना अपेक्षेची भाषा अधिक उपयुक्त ठरते.

उदाहरण : चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एक यंत्रचालक शहराच्या दुसऱ्या बाजूच्या वाळूज येथील कारखान्यात मुलाखतीस गेला आहे, असे समजू. आज त्याच्या हातात दरमहा १८,००० रुपये पडतात. 'साहेब, घरखर्च भागत नाही, थोडं वाढवून द्या' हे त्याचे म्हणणे खरे असले, तरी 'थोडं' या शब्दाने आकडा ठरवण्याचा अधिकार तो समोरच्याला देऊन टाकतो. याउलट, 'साहेब, सीएनसी मशीनचं सेटिंग मी स्वतः करतो, नव्या मुलांना शिकवतो. हातात २३,००० मिळावेत, अशी माझी अपेक्षा आहे' या बोलण्यात आदर, कारण आणि आकडा हे तिन्ही आहेत.

यातील 'हातात' हा शब्दही नेमका आहे. '२४,००० देऊ' असे उत्तर मिळाले, तर तो आकडा एकूण वेतनखर्चाचा, म्हणजे सीटीसीचा, असू शकतो. मूळ वेतन १५,००० धरल्यास भविष्य निर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के, म्हणजे १,८००, आणि कामगाराचे तेवढेच जाऊन २०,४०० उरतात. इतर कपाती निराळ्या. ६,००० ची भासणारी वाढ अशी २,४०० वर येते आणि वाळूजचा रोजचा प्रवासखर्चही त्यातूनच करावा लागतो. शिवाय कायम कामगाराला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्यासाठी सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा आवश्यक असते. चार वर्षांनी नोकरी सोडणाऱ्याने हे नुकसानही हिशेबात धरावे.

तोंडी होकार नियुक्तिपत्रात उतरल्यानंतरच राजीनामा द्यावा. बोलण्यातील 'बघू', 'करू काहीतरी' या शब्दांना पत्रात स्थान नसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. विनंती आणि अपेक्षा यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. स्वतःच्या कामाच्या आधारे वेतनाची अपेक्षा तीन वाक्यांत मांडा.