भटकंतीची सुरी: काय करावे, काय टाळावे

सह्याद्रीत सुरीला खरोखर पडणारी कामे मोजली तर यादी साधी निघते: कांदा-टोमॅटो चिरणे, सुतळी कापणे, काठीला टोक काढणे, चुलीसाठी वाळक्या लाकडाच्या ढलप्या काढणे, फोडावर लावायची चिकटपट्टी कापणे. अस्वलाशी झुंज त्यात नाही. तरी ‘सर्व्हायव्हल’ या नावाने विकायला असतात त्या बहुतेक सुऱ्या झुंजीसाठीच घडवल्यासारख्या दिसतात. पुढचे सगळे त्या साध्या यादीला धरून आहे.

काय करावे

मूठ आधी बघा, पाते नंतर. दुकानात आपण पाते न्याहाळतो, पण वापरताना हात असतो तो मुठीवर. हाताला थोडे साबणाचे पाणी लावून सुरी धरून बघा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. जुलैत राजमाचीच्या वाटेवर हात तसेच निसरडे असणार आहेत. चारही बोटे मुठीवर ऐसपैस बसली पाहिजेत. तर्जनीच्या पुढे छोटासा उंचवटा हवा, म्हणजे टोक कशात अडकून हात पुढे सरकला तरी बोट धारेवर जाणार नाही. बोटांचे खळगे कोरलेली मूठ दिसते छान, पण ते खळगे दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या मापाचे असतात. खरबरीत रबराची किंवा साधी लाकडी मूठ बरी. गुळगुळीत पॉलिश केलेली नको.

पाते मुठीत कुठवर गेले आहे ते विचारा. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेले असेल, तर ती सुरी सहसा मुठीत मोडत नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये पोलादाची कड दिसते, रिव्हेट दिसतात, ओळखायला सोपे. पण याचा बाऊही नको. स्वीडनमधल्या मोरा गावची कंपॅनियन सुरी जगभरचे भटके वापरतात, आणि तिचे पोलाद मुठीच्या आतच संपते. जाड लाकूड फोडायला तिला ठोकत बसला नाहीत तर ती वर्षानुवर्षे चालते. माझ्या मते पहिली सुरी म्हणून तीच किंवा तशीच घ्यावी.

पाते वीतभर नको, चार इंच पुरे. ९ ते ११ सेंटिमीटर लांब आणि अडीच-तीन मिलिमीटर जाड पाते कांदाही चिरते आणि काठीही तासते. पाच-सहा मिलिमीटरचे जाड पाते टोमॅटो चिरत नाही, चिरडते.

पोलादाचे नाव वाचा. पहिली सुरी स्टेनलेसच घ्या. १०९५ सारख्या कार्बन पोलादाला धार झटकन चढते, हे खरे. पण कोकणच्या दमट हवेत ते रात्रभर ओले राहिले की सकाळी तांबूस ठिपके दिसतात, आणि लिंबू कापल्यावर तासाभरात काळवंडते. ज्यांना रोज पुसून तेलाचा हात फिरवायची हौस आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. बाकीच्यांनी १२सी२७, १४सी२८एन, ४४०सी असले काही पात्यावर किंवा खोक्यावर लिहिले आहे का ते बघावे. नुसते ‘सर्जिकल स्टील’ लिहिले असेल तर खोके परत ठेवा. त्यातून काहीच कळत नाही. कठीणपणा रॉकवेल मापात ५६ ते ६० च्या दरम्यान असला की झाले. त्याखाली धार लवकर वळते, फार वर गेले की धारेचे टवके उडतात आणि घरी धार लावणे जिवावर येते.

चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, हा समज ताट-वाट्यांवरून आलेला आहे. बहुतेक ताट-वाट्यांचे स्टेनलेस पाणी देऊन कडक करता येत नाही आणि चुंबकाला दाद देत नाही. सुरीचे स्टेनलेस वेगळे. ते पाणी देऊन कडक करतात आणि त्याला चुंबक चिकटतोच. तेव्हा चुंबक चिकटला नाही, तर मात्र शंका घ्या.

धार दिव्याखाली धरा. धार वर करून, पाते हळूहळू कलते करत बघा. धारेच्या रेषेवर कुठे पांढरी चमक दिसली तर तिथे धार बोथट आहे किंवा टवका गेला आहे. चांगली धार दिसतच नाही. मग वर्तमानपत्राच्या कागदावरून मुळापासून टोकापर्यंत फिरवा; कुठे अडते ते कानालाही कळते.

म्यान उलटे करून हलवा. सुरी बाहेर पडली तर सौदा मोडा. पावसाळ्यासाठी प्लास्टिकचे म्यान, तळाशी पाणी जायला भोक असलेले. चामड्याचे म्यान देखणे, पण ओल धरते, बुरशी येते आणि आतले पाते गंजते.

घडीचा चाकू घेत असाल तर त्याची कडी तपासा. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरणारे कडे आहे. ते फिरवले की पाते बोटांवर मिटत नाही. इतर चाकूंत पाते उघडून, बोटे त्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पाठीवर उलटा दाब द्या. हलले तर नको.

सुरीबरोबर धार लावायचा दगडही घ्या, आणि धार लावायला शिका. धार गेलेली सुरी जास्त जोर मागते, आणि जोर लावला की ती निसटते.

काय टाळावे

पोकळ मुठीची सुरी. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ मधल्या रॅम्बोच्या सुरीने ही टूम जगभर पसरवली: मुठीत काड्यापेटी, गळ, दोरा आणि टोपणात होकायंत्र. चित्रपटातली सुरी एका नामांकित कारागिराने घडवलेली होती. बाजारात मिळतात त्या तिच्या स्वस्त नकला. त्यांत पाते मुठीला एका नट-बोल्टवर अडकवलेले असते आणि नेमके तिथेच ते निखळते. काड्यापेटी खिशात ठेवा.

पाठीवर करवतीचे दात. त्यांनी लाकूड कापले जात नाही, आणि पाठीवर अंगठा टेकून जोर द्यायची सोय जाते. सपाट, काटकोनी कडेची पाठ उलट उपयोगी: चकमकीच्या कांडीवर घासली की ठिणग्या पडतात.

अर्धी दातेरी धार. दोर कापायला बरी, घरच्या दगडावर धार लावायला अवघड. साधी धार घ्या.

नक्षीवर भुलणे. ‘दमास्कस’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पात्यांवरची लाटांची नक्षी बऱ्याचदा वरवरची, रसायनाने उठवलेली असते.

सुरीला कोयत्याची कामे सांगणे. बांबू तोडणे, करवंदीच्या जाळीतून वाट काढणे ही कोयत्याची कामे. गावातल्या वाटाड्याच्या कमरेला आकडीत तो असतोच, अनेकदा ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेला, पाण्याला पक्का. त्याच्यापुढे आपल्या आयात मालाचा तोरा मिरवू नये. ओली झाडे, कारवी तोडायला तर कोणतेच हत्यार उपसू नका.

मांडीवर धरून तासणे. बसल्यावर दोन मांड्यांमधल्या जागेत सुरी चालवू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. ती कापली तर काही मिनिटांत जीव जातो, आणि गडावर रुग्णवाहिका येत नाही. कोपरे गुडघ्यांच्या पुढे टेकवा, धार अंगापासून लांब चालवा. हातातून सुटलेली सुरी झेलायला जाऊ नका.

ताणलेल्या दोराजवळ उघडी सुरी. रॅपलिंग किंवा व्हॅली क्रॉसिंगच्या वेळी हे विसरू नका. सैल दोर कापायला सुरी मागेपुढे ओढावी लागते. माणसाचे वजन पेलणारा ताठ दोर धारेच्या नुसत्या स्पर्शाने तुटू शकतो. तिथे सुरी म्यानातच राहू द्या.

सर्पदंशावर चिरा. जखम चिरून विष काढता येत नाही. रक्त जाते, जंतुसंसर्ग होतो आणि वेळ वाया जातो. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, तिथे चिरा म्हणजे दुसरे संकट. दंश झालेला अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष मिळेल असे रुग्णालय गाठा.

कायदा गृहीत धरणे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती व शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. पण शहरात जमावबंदीसारखे आदेश लागू असतील तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली लहान सुरीही अडचणीची ठरू शकते. कमरेला लावून एसटी स्टँडवर फिरू नका. सॅकच्या तळाशी ठेवा.

ट्रेकर्सना सहसा ठाऊक नसते ते अभयारण्यांचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत सुरीचाही समावेश आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. भीमाशंकरचे जंगलही अभयारण्यच. तिथे जाताना सुरी घरीच राहू द्या आणि कांदा घरून चिरून न्या.

हिमालयाकडे विमानाने निघाला असाल तर सुरी केबिनच्या बॅगेत नाही, म्यानासकट गुंडाळून चेक-इन सामानात.