वर्गातील चूक : तीन देशांची रीत

मुलाने फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिले म्हणजे शिक्षक काय करतात, यावरून त्या वर्गाची वृत्ती ओळखता येते. ही वृत्ती एकट्या शिक्षकाची नसते; ती त्या देशाच्या चालीरीतींतून घडलेली असते.

इ. स. १९९५ च्या सुमारास जर्मनी, जपान व अमेरिका या देशांतील आठव्या इयत्तेच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रीकरण करण्यात आले. त्यावरील विवेचन जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांनी १९९९ साली ग्रंथरूपाने मांडले. अमेरिकन वर्गांत बहुधा शिक्षक प्रथम रीत दाखवीत व मुले तशीच उदाहरणे सोडवीत. मूल अडखळताच शिक्षक साहाय्यास धावत. जर्मन वर्गांत शिक्षक अवघड रीत पायरीपायरीने उलगडून दाखवीत. जपानी वर्गांत मात्र उदाहरण आधी येई, रीत मागाहून. मुले आपापल्या परीने झटत. कोणी कोणती वाट धरली हे शिक्षक वर्गात फिरून टिपून घेत. नंतर निरनिराळ्या रीती फळ्यावर मांडून सर्व वर्ग त्यांचा विचार करी.

यावरून परक्या देशाची रीत जशीच्या तशी उचलावी असे नव्हे. तथापि, एक गोष्ट कोणत्याही शाळेस साधण्याजोगी आहे. ५२ मधून १७ वजा करताना एखादे मूल ४५ असे उत्तर लिहिते. ते पुसून ३५ लिहिले म्हणजे उत्तर सुधारते, मुलाची समजूत सुधारत नाही. "हे कसे काढलेस?" असे विचारताच उलगडा होतो : दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. हीच अडचण वर्गातील आणखी काही मुलांचीही असू शकते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. परंतु छडी गेली म्हणजे भय गेलेच असे नाही. इतर मुलांच्या हसण्याचे भय छडीहून कमी नसते. आणि भ्यालेले मूल उत्तरच देत नाही. मग त्याची चूक शिक्षकांना कळावी कशी?

जपानी शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एकजण तो घेतो, इतर मुलांचे निरीक्षण करतात, आणि मग सर्व मिळून त्यात सुधारणा करतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत असा एखादा पाठ घेऊन पाहावा. त्यात मुलांच्या चुकांचीच प्रथम नोंद करावी.