जनरेटरच्या टाकीचा काटा आणि ११ लिटर डिझेल



ऊस विकासाच्या पानावर डिझेलच्या टाकीचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण रात्री वीज गेली आणि जनरेटरही बंद पडला की पाण्याची पाळी चुकते. पाळी चुकली की उसाला ताण बसतो, हे आपणांस सांगायला नको.

आमच्या गटातील एका पाणीपुरवठा संस्थेतील गोष्ट. टाकी २०० लिटरची, गोल व आडवी. काटा पावावर आला की ऑपरेटर टाकी भरून घेई. पाव शिल्लक म्हणजे ५० लिटर, तेव्हा १५० लिटरमध्ये टाकी भरली पाहिजे, असा कमिटीचा हिशेब. पण दर वेळी लागत १६१ लिटर. "वरचे ११ लिटर जातात कुठं?" असा सवाल मीटिंगमध्ये झाला आणि बोट ऑपरेटरकडे गेले. त्याला काढायचेच ठरत होते. मी म्हटले, आधी टाकी मोजू, मग माणूस बघू.

चूक हिशेबात निघाली. काटा डिझेलची उंची दाखवतो, लिटर नव्हे. आडवी गोल टाकी मधे रुंद, तळाला व माथ्याला अरुंद असते. ६० सें.मी. व्यासाच्या २०० लिटर टाकीत उंचीप्रमाणे डिझेल असे भरते :

१५ सें.मी. – ३९ लिटर
३० सें.मी. – १०० लिटर
४५ सें.मी. – १६१ लिटर
६० सें.मी. – २०० लिटर

म्हणजे काटा पावावर असताना ५० नव्हे, ३९ लिटरच असतात. त्यातही इंजिनला डिझेल नेणारी नळी तळापासून ५ सें.मी. वर असेल, तर खालचे ८ लिटर उपयोगाचे नाहीत. राहिले ३१. तासाला ५ लिटर लागत असतील, तर आपण १० तास धरतो आणि जनरेटर सहा तासांत बंद पडतो. वर नळीत हवा शिरते, ती काढल्याशिवाय इंजिन पुन्हा चालू होत नाही.

काटा जुळवण्याची रीत अशी :

१) इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. जवळ विडी-काडी, कंदील नको. टाकी पाणसळ लावून समतल करावी.

२) डिझेल स्वच्छ पिंपात काढून घ्यावे. नळीच्या तोंडापर्यंत पातळी आली की तेथे काट्याचे शून्य धरावे. तळाचे डिझेल वेगळे मोजून लिहावे.

३) शिक्क्याच्या मापाने १०-१० लिटर ओतावे. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे थांबून पट्टीने उंची घ्यावी व काटा वहीत नोंदवावा.

४) तरंगत्या गोळ्याचा सेन्सर असेल तर त्याची तार सोडवून मीटरने ओहम मोजावेत. काही सेन्सर रिकाम्या टाकीस २४० व भरल्यास ३३ ओहम दाखवतात. काही रिकाम्यास १० व भरल्यास १८०. पॅनेलची सेटिंग सेन्सरच्या जातीची नसेल तर रिकामी टाकी भरलेली दिसते.

५) पॅनेलमध्ये लिटरचा तक्ता भरता येत असेल तर तो भरावा. नसेल तर तक्ता रंगाने टाकीवरच लिहावा.

एक ध्यानात ठेवावे. ऊन वाढले की डिझेल फुगते. २०० लिटरमध्ये १० अंशाला सुमारे दीड लिटर फरक पडतो. तेव्हा लिटर-दीड लिटरवरून कोणाला चोर ठरवू नये.

त्या संस्थेत आम्ही ऑपरेटरच्याच हाताने माप ओतले. पावापासून पूर्ण भरेपर्यंत १६१ लिटर बसले, कमिटीसमोर. चेअरमन त्याला म्हणाले, "आमचंच चुकलं बाबा." माणूस कामावर राहिला. आपल्या संस्थेची टाकीही एकदा मोजून घ्यावी, ही विनंती. काटा चुकतो तेव्हा आळ माणसावर येतो.

– ऊस विकास अधिकारी