मध्यम गुण आणि पसंतीक्रम

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. ‘नीट’च्या निकालानंतर पालक गुणपत्रिका घेऊन शाळेत येतात आणि “गुरुजी, एवढ्या गुणांत काय होणार?” असे विचारतात, तेव्हा आम्हांस तो आकडा आठवतो. परंतु केवळ धीर देऊन भागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना उच्च गुणवंताची चूक खपून जाते. मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याची खपत नाही.

प्रथम, गुण नव्हे तर गुणवत्ता क्रमांक पाहावा. २०२४ साली ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे अनेक होते; २०२५ साली देशात प्रथम आलेल्याचे गुण ६८६ होते. म्हणून गतवर्षी आपल्या प्रवर्गातील शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, हे प्रत्येक महाविद्यालयाबाबत तपासावे.

दुसरे, यादी खऱ्या इच्छेच्या क्रमाने लिहावी. संगणक गुणवत्तेनुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचतो आणि जेथे जागा मिळते तेथे थांबतो. वर अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालची संधी घटत नाही. हे आम्हांस ठाऊक नव्हते, तेव्हा आम्ही आमच्या एका विद्यार्थ्यास “मिळेल तेच आधी लिही” असा सल्ला दिला. त्याने दूरचे महाविद्यालय पहिले लिहिले आणि तेच मिळाले. शेजारच्या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयात त्याच्या मागच्या क्रमांकाच्या मुलास प्रवेश मिळाला.

तिसरे, यादी आखूड ठेवू नये. प्रादेशिक ७०:३० कोटा २०२० साली रद्द झाल्याने मराठवाडा-विदर्भातील विद्यार्थ्यास राज्यभरातील महाविद्यालये खुली आहेत. २०२४ साली गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा येथेही शासकीय महाविद्यालये सुरू झाली. नाव नवे म्हणून ती वगळू नयेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी सर्वत्र तीच आहे.

चौथे, खर्चाचा हिशेब आधी मांडावा. खासगी महाविद्यालयाचे नाव लिहिण्यापूर्वी तेथे शिष्यवृत्ती अथवा शुल्क प्रतिपूर्ती लागू आहे काय, अनामत रक्कम व खानावळ किती, हे विचारावे. खासगी अभिमत विद्यापीठांत जातिनिहाय आरक्षण नसते. जे परवडणार नाही, ते यादीत नसावे. शासकीय वसतिगृह न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

पाचवे, कागदपत्रे. राज्याच्या प्रवेशात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के, अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के जागा राखीव आहेत. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळतात. मात्र त्यासाठी केंद्रीय नमुन्यातील दाखला लागतो आणि राज्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र. ते अकरावीतच मागावे. निकालानंतर धावपळ केल्यास हक्काची जागा हातची जाते.

आमचा तो विद्यार्थी आज डॉक्टर आहे. पण साडेपाच वर्षे त्याची आई दिवाळीखेरीज त्याला भेटू शकली नाही. भाड्याचे पैसे जमत नसत. त्या चुकीचे ओझे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून वैद्यकीय क्षेत्रातील आमच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, निकालानंतरच्या एका रविवारी त्यांनी शाळेत यावे आणि मुलांच्या शेजारी बसून त्यांच्या याद्या एकदा वाचाव्यात.