घरचा वाफा आणि बाजाराचा वाफा

संगमनेर,
घटस्थापना

चि. सुहास यास,


परवा फोनवर तू या वर्षीचा बेत सांगितलास. चार एकरांत पूर्वहंगामी ऊस, विहिरीजवळच्या तुकड्यात टोमॅटो, आणि भाकरीला ज्वारी विकत. वर म्हणालास, "मामा, घरच्यासाठी बिनफवारणीचा वाफा वेगळा ठेवलाय, तुम्ही काळजी करू नका." मला काळजी त्या वाक्यानेच लागली, म्हणून हे पत्र.

आपल्या पोरांना जे खाऊ घालायला आपला हात धजत नाही, ते दुसऱ्याच्या पोरांसाठी क्रेटमध्ये भरायचं, हे मला पटत नाही. तू एकटाच असं करतोस असं नाही. या भागात पुष्कळ जण करतात. पण म्हणून ते योग्य ठरत नाही. औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सोबतच्या माहितीपत्रकात फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडायचा तेही छापलेलं असतं. अक्षर बारीक असतं, पण वाच. भाव चढलाय म्हणून आज फवारून उद्या तोडणी करू नकोस. आणि फवारणाऱ्या गड्याला तोंडाला फडकं बांधून उभा करू नकोस. त्याला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा दे. 2017 साली यवतमाळकडे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. विष आधी फवारणाऱ्याच्या अंगात जातं, खाणाऱ्याचा नंबर नंतर.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुला माहीत आहेत. शाळेची पायरी न चढलेली ही बाई. फवारलेला भाजीपाला खाऊन नातू आजारी पडतोय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी गावरान बियाणं जमवायला घेतलं. वाल, घेवडे, भात, रानभाज्या मिळून शंभराहून जास्त वाणं त्यांनी राखली. पुढे बाएफ संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाणं बँक उभी राहिली. नातवासाठी चार वेल लावून त्या थांबल्या नाहीत, बी गावोगाव वाटलं. मला त्यांचं मोठेपण यात दिसतं.

आता उसाचं. उसाला मी नावं ठेवणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, 1950-51 ला पहिलं गाळप झालं, आणि त्या पैशातून या भागातली पोरं शिकली. पण राज्यातल्या थोड्याशा क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा पितो, हेही खरंच आहे. पाटाखालची रानं जाऊन बघ. मोकाट पाण्याने किती जमिनी खारवट-चोपण झाल्या. उन्हाळ्यात वरती पांढरं मीठ फुटतं, ढेकूळ फुटता फुटत नाही, आणि ज्या रानात पूर्वी हरभरा डोलायचा तिथे लव्हाळासुद्धा नेटानं येत नाही. तुझ्या खालच्या पट्टीला तो पांढुरका रंग मला गेल्या दिवाळीतच दिसला होता. लागणीआधी तिथली माती राहुरीच्या विद्यापीठातून तपासून घे. ऊस लावशील तो ठिबकवरच लाव, आणि तोडणीनंतर पाचट पेटवू नकोस, सरीत कुजू दे.

हिवरे बाजारने तर उसाला आणि केळीला गावातच बंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवली. नगरसारख्या अवर्षणी तालुक्यातलं ते गाव टँकरशिवाय राहतं. हे घडवून आणणारे पोपटराव पवार आणि राहीबाई, दोघांचीही नावं 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत होती. दोघंही आपल्याच जिल्ह्यातले.

ज्वारी परवडत नाही, असं तू म्हणशील. नुसत्या दाण्याचा भाव धरलास तर नाहीच परवडणार. पण कडबा धर. विकतचा चारा वाचतो तो धर. एक-दोन पाण्यावर, चांगल्या ओलीवर तर तेवढंही न लागता, ती येते. ते पाणी धर. आणि दादांच्या रक्तातली साखर धर. डॉक्टरांनी त्यांना भाकरी खा म्हणून सांगितलंय, आणि घरात तीन वेळा साखरेचा चहा, बिस्किटं आणि मैद्याची खारी चालते. ज्वारीत कोंड्यासकट तंतू पोटात जातो, भाकरीने पोट भरलेलं राहतं. ताईला सांग, पोरांच्या डब्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी भाकरी आणि वालाची उसळ जाऊ दे.

सगळा ऊस मोडून टाक असं मी म्हणत नाही. कर्जाचे हप्ते आहेत, मला ठाऊक आहे. पण चारातला एक एकर ज्वारीला ठेव. फुले वसुधा किंवा फुले रेवती, यांतलं तुझ्या जमिनीला कुठलं चालेल ते विद्यापीठात विचार. बांधाला वाल टोक. आणि टोमॅटोच्या तुकड्यात घरचा वाफा वेगळा ठेवू नकोस. सगळाच तुकडा असा पिकव की त्यातला कुठलाही टोमॅटो तोडून पोरांच्या हातात देता येईल.

रब्बीची ज्वारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून व्हायला हवी. रानात अजून ओल आहे. या आठवड्यातच पाभर धर, आणि पेरणी झाली की मला कळव.

तुझा,
मामा