आयर्विन ॲम्फिथिएटरमधील अंतिम सामना

दिल्लीच्या इंडिया गेटजवळ मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे राष्ट्रीय क्रीडागार आहे. १९३३ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ते उभे राहिले, तेव्हा त्याचे नाव 'आयर्विन ॲम्फिथिएटर' असे होते. सांगलीच्या कृष्णा नदीवरील पुलाला ज्या व्हाइसरॉयचे नाव आहे, तेच हे लॉर्ड आयर्विन. १२ डिसेंबर १९४० रोजी या मैदानावर ड्युरँड चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस रॉयल वॉरविकशायर रेजिमेंट ही ब्रिटिश पलटण होती, तर दुसऱ्या बाजूस कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब.

ड्युरँड चषकाची सुरुवात १८८८ मध्ये शिमल्यास झाली. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी ती केली. अफगाण सरहद्दीवरील 'ड्युरँड रेषा' आखली गेली तीही याच गृहस्थांच्या नावाने. स्पर्धा मुख्यतः लष्करासाठी होती. थंड हवेच्या त्या डोंगरी गावात साहेबलोकांसमोर गोऱ्या पलटणी खेळत आणि चषक एका पलटणीकडून दुसरीकडे जाई. बावन्न वर्षांत एकाही भारतीय संघाला तो जिंकता आला नव्हता. १९४० मध्ये स्पर्धा शिमल्याहून दिल्लीस आली. हा बदल वरवर पाहता केवळ जागेचा होता; परंतु त्यामुळे शिमल्याचा डोंगर ज्यांना कधीच चढता आला नसता, अशा सामान्य प्रेक्षकांना हा खेळ पाहता येऊ लागला.

मोहमेडन स्पोर्टिंगची स्थापना १८९१ सालची. कलकत्ता फुटबॉल लीग ही त्या काळी देशातील सर्वांत मानाची स्पर्धा. १९३४ पर्यंत कोणत्याही भारतीय क्लबला ती जिंकता आली नव्हती. मोहमेडनने ती १९३४ पासून १९३८ पर्यंत ओळीने पाच वेळा जिंकली. यामागे नशिबापेक्षा योजनाच अधिक होती. भारतीय खेळाडू तेव्हा बहुधा अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर त्यात काही बिघडत नसे. पण बंगालच्या पावसाळ्यात चिखल झाला की अनवाणी पाय घसरत आणि बूट घातलेल्या सोजिरांचे फावे. मोहमेडनच्या चालकांनी आपल्या खेळाडूंना बुटांची सवय लावली. शिवाय केवळ बंगालवर न विसंबता त्यांनी बंगळूर, क्वेट्टा अशा दूरदूरच्या ठिकाणांहून गुणी खेळाडू निवडून आणले.

१९४० चा हंगाम या संघाच्या इतिहासातील सर्वांत भरघोस म्हटला पाहिजे. १९३९ मध्ये हातून गेलेली कलकत्ता लीग त्याने परत मिळवली. त्याच वर्षी मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने बंगळूर मुस्लिम्स या संघाला हरवले. मुंबईकरांना भारतीय संघाचा विजय नवा नव्हता. बंगळूरच्या याच संघाने १९३७ आणि १९३८ मध्ये तो चषक जिंकून दाखवला होता. उरला होता तो ड्युरँड.

दिल्लीच्या त्या सामन्यात शिट्टी कॅप्टन हरनामसिंग यांच्या हाती होती. एवढ्या मोठ्या सामन्याला भारतीय पंच, ही गोष्टही निकालाइतकीच अपूर्व होती. मोहमेडनकडून हाफिज रशीद आणि साबू यांनी गोल केले. पलटणीला एकच गोल करता आला. २-१ असा सामना जिंकून मोहमेडन स्पोर्टिंग ड्युरँड चषक पटकावणारा पहिला भारतीय संघ ठरला.

या विजयावर एक आक्षेप घेता येतो. दुसरे महायुद्ध सुरू होते; १९३९ ची स्पर्धा त्यामुळेच भरली नव्हती. युद्धाच्या धामधुमीत पलटणींचे लक्ष खेळावर पूर्वीसारखे कोठून राहणार? आक्षेपात तथ्य आहे. मात्र शांततेच्या काळातही याच क्लबने कलकत्त्यात गोऱ्या संघांना वर्षानुवर्षे मागे टाकले होते, हे विसरून चालणार नाही.

त्या विजयाकडे पाहणाऱ्यांच्या दृष्टीही निरनिराळ्या होत्या. मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगने स्वतंत्र राज्यांचा ठराव केला होता. ऑक्टोबरमध्ये पवनारला विनोबा भावे यांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले होते. अशा दिवसांत मोहमेडनचा विजय कोणाला राज्यकर्त्यांवर भारतीयांनी केलेली मात वाटला, तर कोणाला आपल्या समाजाचा सन्मान. एकाच माणसाला दोन्ही वाटले असल्यास त्यात नवल नाही. मैदानावर एका गोलाचा अर्थ एकच असतो. मैदानाबाहेर तो ज्याचा त्याने लावायचा असतो.

१९४१ ते १९४९ या काळात स्पर्धा भरलीच नाही. १९५० मध्ये ती दिल्लीत पुन्हा सुरू झाली, तेव्हा गोऱ्या पलटणी मायदेशी परतल्या होत्या आणि क्वेट्टा दुसऱ्या देशात गेले होते. त्या वर्षी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मोहन बागानला हरवून चषक जिंकला. मोहमेडन स्पोर्टिंगला मात्र तो पुन्हा हाती घेण्यासाठी त्र्याहत्तर वर्षे थांबावे लागले. २०१३ साली दिल्लीच्याच आंबेडकर स्टेडियममध्ये त्याने ओएनजीसीच्या संघाला हरवले. गोलसंख्या तीच होती, २-१.